खिशांचा पडदा

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी एका जागी बूड टेकवायची नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव, ते लग्न झालं तरी सुटलं नाही आणि नातवंडं झाली तरी सुटलं नाही. खरं नाव फक्त पगाराच्या वहीत. बावन्न वर्षांची बाई, पण जिना चढताना अजून दोन दोन पायऱ्या. वृद्धाश्रमात ती एकोणीस वर्षं कामाला होती. तिथल्या बत्तीस म्हाताऱ्या माणसांपैकी कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाला पाणी कोमट लागतं, कुणाचा कुठला गुडघा धरायचा नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

कामात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ओली चादर काढून कोरडी घालायची, तीही माणसाला खाटेवरून न उठवता, आणि त्याला लाज वाटू नये म्हणून तोंडाने भलतंच काहीतरी बोलत राहायचं. शेजारणीच्या लंगड्या कोंबडीचं, नाहीतर आपल्या नवऱ्याच्या टेम्पोचं. चादर बदलून व्हायची तेव्हा माणूस कोंबडीला हसत असायचा.

आता हे खिशांचं नीट ऐका हं, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पूर्वी तिथे चष्मे फार हरवायचे. चष्मे, कवळ्या, कानाची मशीनं. रात्री उशाला ठेवलेली कवळी सकाळी चादरीबरोबर धुवायला जायची. एकदा तर एका आजोबांची कवळी दुसऱ्याच आजोबांच्या तोंडात सापडली, आणि ते काढायला तयार होईनात, म्हणाले, "मला हीच बरी बसते." हसून हसून पुरेवाट झाली, पण पहिल्या आजोबांच्या घरच्यांनी येऊन तमाशा केला. तेव्हा भिंगरीने डोकं लढवलं. बारा नंबरच्या खाटेवर टेलरबाई होत्या. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेली बाई. माणूस दारातून आत आला की टेप न लावता त्याचं माप घ्यायची. भिंगरी एक जुना निळा पडदा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"टेलरबाई, याला खिसे लावून द्याल का? बत्तीस. प्रत्येकावर खाटेचा नंबर."

"बत्तीस? अगं भिंगरे, एवढे खिसे चोराच्या कोटालाही नसतात."

म्हणाल्या खरं, पण आठ दिवसांत शिवून दिले. कोठीत एक जुनं शिवणयंत्र पडलं होतं, ते तेल घालून चालू केलं. नंबर लाल दोऱ्याने भरले. प्रत्येक खिशाला दुहेरी टीप. "माझ्या हातचं उसवायचं नाही," म्हणाल्या. पडदा वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये लागला. रात्री भिंगरी ज्याचं त्याच्या खिशात ठेवायची, सकाळी सहाला ज्याचं त्याला. वर्षभरात एक चष्मा हरवला नाही.

मग मोठ्या बाईंनी पडदा ऑफिसात नेला.

मोठ्या बाई म्हणजे तिथलं सगळं चालवणाऱ्या. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या कपाळावरून हात फिरतोय. कधी कुणावर ओरडल्या नाहीत. पंचाऐंशी वर्षांच्या माणसालाही "बाळ" म्हणायच्या. आणि हे सगळंच काही नाटक नव्हतं. भिंगरीच्या नवऱ्याचा टेम्पो उलटला आणि तो पाय मोडून सहा महिने अंथरुणाला खिळला, तेव्हा बाई स्वतः फळं घेऊन घरी आल्या होत्या. तिची नोकरी त्यांनी तशीच ठेवली होती. भिंगरी ते विसरणारी नव्हती, आणि बाईही तिला विसरू देत नव्हत्या.

"पडदा पॅसेजमध्ये नको, बाळ," त्या म्हणाल्या. "किती माणसं येतात-जातात. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

पडदा ऑफिसात दारामागे गेला. दाराला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. बाई यायच्या आठला, म्हणून सहाचे चष्मे आठला झाले. मग आठला सगळ्यांचे नाहीत. ज्याने सूप सांडलं, ज्याने भेटायला आलेल्या मुलाला सांगितलं की जेवण गार असतं, जो फार घंटी वाजवतो, त्याचा खिसा जरा उशिरा. नाही कधीच म्हणायच्या नाहीत. "देते ना, बाळ. आधी मन शांत होऊ दे." सहा नंबरचे ड्रायव्हरकाका तोंडाचे फटकळ, त्यांची कवळी दुपारच्या जेवणानंतर मिळायची. काका बोळक्या तोंडाने म्हणायचे, "माझे दात ऑफिसात नोकरीला लागलेत. दुपारी दोनला सुटतात."

सगळे हसायचे, भिंगरीही हसायची. कुणाला किती वाजता, ते तिला तोंडपाठ झालं होतं. तिला ते बेडपॅनच्या वेळांसारखंच वाटायचं. कामाची वेळ, दुसरं काय.

पुढे पडद्याला खाली आणखी एक ओळ लागली. ती कामाला असलेल्या बायकांच्या मोबाईलसाठी. आल्यावर फोन खिशात, जाताना हातात. ती ओळही टेलरबाईंनीच शिवली.

आणि रोज सकाळी गोल व्हायचा. आठही बायका ऑफिसात गोल करून उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीने शेजारणीचं एक कौतुक सांगायचं, एक चूक सांगायची. चूक नाही सापडली असं म्हणायची सोय नव्हती. "म्हणजे तू तिच्याकडे बघतच नाहीस, बाळ," बाई म्हणायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. सुट्टी हवी असेल तरी तिथेच मागायची, कारणासकट, सगळ्यांसमोर. एकीला पाळीचा त्रास होता, तिने तेही त्या गोलात उभं राहून सांगितलं. एकोणीस वर्षांत भिंगरीने इतकी कारणं दिली होती की घरी नवऱ्याने नुसतं "उशीर झाला?" म्हटलं तरी ती पहिल्यापासून सुरू करायची. तो म्हणायचा, "अगं, मी विचारलं नाही, बोललो नुसता."

आता टेलरबाईंची गोष्ट.

टेलरबाईंना तिथून जायचं होतं. मुलाने ठेवलं होतं त्यांना. मुलगा वाईट नव्हता, पण त्याने बाईंचं ऐकून धरलं होतं की आईला आता काही समजत नाही. टेलरबाईंची एक धाकटी बहीण होती, दुसऱ्या गावी, एकटी. ती एकदा भेटायला आली तेव्हा कानात म्हणाली, "आक्का, मी तुला घेऊन जाते. पण तू तुझ्या हाताने लिहून दे. तुझं अक्षर बघितलं की तुझ्या लेकाचं तोंड बंद होईल. मी नुसतं सांगितलं तर म्हणेल मावशीनेच फूस लावली."

टेलरबाईंनी लिहिलं. पण टपाल जायचं ऑफिसातून. बाईंनी पत्र वाचलं, हळहळल्या, म्हणाल्या, "असं रडगाणं कळवायचं का, बाळ? बहिणीच्या जिवाला घोर." आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. फोन करायचा तर ऑफिसातूनच, बाई शेजारी बसून. बहीण पुन्हा आली तर तिला ऑफिसात चहाला बसवलं आणि "आक्का झोपल्यात" म्हणून तिथूनच वाटेला लावलं. आणि तेव्हापासून बारा नंबरचा खिसा उघडायचा चारला, आणि पाचला चष्मा परत. "डोळ्यांना ताण नको, डॉक्टरांनी सांगितलंय." थंडीचे दिवस, बारा नंबरची खाट खिडकीपासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात, आणि दिवे लागायचे संध्याकाळी. चारला तिथे इतका अंधार की टेलरबाईंना आपलीच बोटं नीट दिसायची नाहीत. चष्म्याशिवाय तर त्यांना माणूस आणि खुर्ची सारखीच. बहिणीचं वय झालेलं, छातीचं दुखणं. पत्र गेलं नाही तर तीही एक दिवस यायची बंद होणार, हे त्यांना कळत होतं.

अशात ती अभ्यासवाली आली. मोठ्या कॉलेजातून. तिशीतली मुलगी, खांद्याला कापडी पिशवी, बुटाची नाडी कायम सुटलेली. माणसाला न मारता, न ओरडता मुठीत कसं ठेवतात, घरात, कामावर, जिथे आजारी नि म्हातारी माणसं सांभाळतात तिथे, याचा तिचा अभ्यास. पण बाईंना तिने एवढंच सांगितलं की दिवस कसा जातो ते बघायचंय. बाईंनी हसत परवानगी दिली, बोलायला माणसंही त्यांनीच निवडून दिली. बोलणं ऑफिसात, दार उघडं, आणि त्या आठवड्यात सगळ्यांचे चष्मे सकाळी आठला. म्हातारी माणसं काय, हातात चष्मा मिळाल्याच्या आनंदात होती. सगळ्यांनी सांगितलं, फार छान आहे. ड्रायव्हरकाकाही म्हणाले, फार छान. दात तोंडात होते ना.

भिंगरीची पाळी आली तेव्हा ती बसेना. "ताई, माझ्या चादरी राहिल्यात. तुम्ही चादरींच्या खोलीत या, तिथे बोलू."

अभ्यासवाली आली. आधी एक कागद वाचून दाखवला. नाव कुठे येणार नाही. नको असेल तर नाही म्हणा. मध्येच थांबा. पंधरा दिवसांत कधीही सांगा, तुमचं बोलणं पुसून टाकू, कारण द्यावं लागणार नाही. भिंगरीने ते एका कानाने ऐकलं आणि सही केली, कारण हातात चादर होती. मग अभ्यासवालीने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघी घड्या घालत होत्या, खिडकीत ठेवलेल्या फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड होत होतं.

"मावशी, तुमचा दिवस घड्याळासारखा सांगा. किती वाजता काय."

भिंगरीला हे आवडलं. तिच्या कामाचं कुणी असं कधी विचारलं नव्हतं. ती छाती काढून सांगू लागली. सहाला आंघोळी. सातला चहा. आठला खिसे.

"खिसे म्हणजे?"

भिंगरीने सांगितलं. पडद्याची सगळी कथा, कवळीच्या अदलाबदलीसकट. अभ्यासवाली पोट धरून हसली. भिंगरीला आणखी चेव आला. "एकही वस्तू हरवत नाही आमच्याकडे. आणि वेळा कशा बांधलेल्या. एक ते पाच आठला. सहा नंबर दुपारी दोन. सात ते अकरा नऊला. बारा नंबर, टेलरबाई, चार ते पाच. एकवीस नंबर रडल्या नाहीत तर दहा, रडल्या तर बारा."

चादरीचं दुसरं टोक थांबलं.

"टेलरबाई चारला का, मावशी?"

"त्या पत्र लिहितात ना," भिंगरी म्हणाली.

खोलीत साबणाचा वास होता, बाहेर कुणाची तरी घंटी वाजत होती. भिंगरीने चादर स्वतःकडे ओढून घेतली आणि एकटीनेच घडी घातली. वाकडी आली. अभ्यासवाली फोन हातात घेऊन म्हणाली, "थांबू या का?"

"थांबू," भिंगरी म्हणाली.



दुसऱ्या दिवशी गोलात तिच्या शेजारणीची पाळी होती. ती बिचारी काय करणार, तिलाही एक चूक द्यायचीच होती. म्हणाली, "भिंगरी काल अर्धा तास चादरींच्या खोलीत होती. दार लावून."

बाईंनी वहीत लिहिलं. गोल सुटल्यावर भिंगरीला थांबवून घेतलं. खुर्ची दिली. स्वतः पाणी दिलं.

"काय बोललीस ते मला नाही ऐकायचं, बाळ. माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण बाहेरच्या माणसांना आपलं घर कळत नाही. तो कागद आहे ना, त्यात लिहिलंय, बोललेलं परत घेता येतं. तुझा हक्क आहे तो. उद्या सुट्टी घे. जा आणि सांग, पुसून टाका." मग थांबून म्हणाल्या, "यजमानांचा पाय कसा आहे?"

गोलात न मागता मिळालेली ही तिची पहिली सुट्टी.

घरी नवरा टेम्पो पुसत होता. तिने सगळं सांगितलं. तो फडकं पिळत म्हणाला, "पुसून ये."

"अहो, पण मी खोटं काही बोलले नाही."

"मी कुठे म्हटलं खोटं? त्या बाईंची फळं खाऊन मी उठून बसलोय, भिंगरे. ती फळं आता परत देता येत नाहीत."

"आणि टेलरबाई?"

"त्यांना मी ओळखत नाही. तुला ओळखतो. उद्या तुला घरी बसवलं तर तू मला फिरवून फिरवून मारशील."

हसला तो, पण तिच्याकडे न बघता. टेम्पोची काच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिला.

कॉलेजातली ती खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आत कागदांचे ढीग, खिडकीत एक वाळलेलं रोप, दोन खुर्च्या. भिंगरीने वाटेत तीन कारणं तयार केली होती. एक, नवरा नको म्हणतो. दोन, त्या दिवशी डोकं दुखत होतं, काहीबाही बोलले. तिसरं जरा कच्चं होतं.

"ताई, माझं बोलणं पुसा."

"पुसते," अभ्यासवाली म्हणाली. "पुसायच्या आधी एकदा ऐकायचंय?"

भिंगरीला वाटलं नाही म्हणावं, आणि म्हणाली हो. स्वतःचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. केवढा खणखणीत. बसच्या कंडक्टरने थांबे सांगावेत तसा. सहा नंबर दुपारी दोन. एकवीस नंबर रडल्या नाहीत तर दहा. मध्येच आपणच हसतोय. मग, त्या पत्र लिहितात ना.

"बंद करा," ती म्हणाली.

अभ्यासवालीने तिच्यासमोर पुसलं. पुसलेलं दाखवलं. एका कागदावर तारीख घातली आणि सहीला पुढे केला. भिंगरी वाट बघत होती.

"कारण नाही विचारलंत?"

"लागत नाही, मावशी."

तिन्ही कारणं तिच्या तोंडात तशीच राहिली. ती थोडा वेळ बसून राहिली. ती, जी कुठे बसत नाही. कागदावर सहीची जागा होती, तारखेची होती, कारणाची जागाच नव्हती.

"तुम्हाला राग नाही आला? तुमचं काम बुडालं."

"वाईट वाटलं," अभ्यासवाली म्हणाली. "ते माझं मी बघेन."

खाली रस्त्यावर चष्म्यांची गाडी लागलेली. वाचायचे तयार चष्मे, तारेला टांगलेले. भिंगरी पुढे गेली आणि मागे फिरली. टेलरबाई आपला नंबर ब्लाउजच्या मापासारखा घोकायच्या, दोन्ही डोळे साडेतीन. साडेतीनमध्ये एकच होता, लाल भडक फ्रेमचा.

"कुणासाठी, काकू?" गाडीवाल्याने विचारलं.

"द्या तुम्ही," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाईंनी विचारलं, "झालं?" भिंगरी म्हणाली, "झालं." बाईंनी तिचा गाल थोपटला. चष्मा तेव्हा तिच्या पोटाशी, साडीच्या आत, फडक्यात गुंडाळलेला होता.

बायकांच्या न्हाणीघरात वर खिडकी आहे. सकाळी अकराला तिथे ऊन येतं. भिंगरीने टेलरबाईंना केस धुण्याच्या निमित्ताने आत नेलं, स्टुलावर बसवलं, मांडीवर पाट दिला, वही दिली. टेलरबाईंनी चष्मा लावला आणि आधी भिंगरीकडेच बघितलं.

"भिंगरे, केवढी वाळलीस तू. छातीत दोन इंच गेलेत."

"लिहा हो आधी."

"हा घालून मी सर्कशीत शोभेन."

भिंगरीने दार ओढून घेतलं आणि बाहेर बादली भरत बसली. आत लेखणीचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्याने लंगड्या कोंबडीची गोष्ट सांगत होती. लेखणीचा कुठे आवाज येतो? पण तिला तो येत होता. दोन दिवस लागले. पत्रात काय लिहिलं ते टेलरबाईंनी तिला सांगितलं: माझं डोकं ठिकाणावर आहे, मला तुझ्याकडे यायचंय, आणि आलीस की ऑफिसात बसू नकोस, चहा घेऊ नकोस, सरळ बारा नंबरच्या खाटेशी ये. पत्र भिंगरीने स्वतः टपालाच्या पेटीत टाकलं आणि पेटीत हात घालून बघितलं की नीट पडलं का. बघता थोडंच येतं.

नऊ दिवसांनी बारा नंबरची गादी उलटताना लाल चष्मा सापडला.

गोलात बाईंनी तो तळहातावर धरला होता, मेलेलं पाखरू धरावं तसा. "कुणी आणला, मी विचारणारही नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या मनाला फार लागलंय, बाळांनो. असं मन असताना मी कुणाला काय देऊ? आज राहू दे." आणि पर्स बंद केली. किल्ली आतच.

दहा वाजले. अकरा वाजले. बत्तीस खिसे भरलेले, वॉर्डात बत्तीस माणसं आंधळी-बहिरी होऊन बसलेली. एकवीस नंबर रडत होत्या. ड्रायव्हरकाकांनी बोळक्या तोंडाने काही म्हटलं, ते कुणाला कळलं नाही, कुणी हसलं नाही. टेलरबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आठही बायका एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या, आणि भिंगरीला माहीत होतं, उद्याच्या गोलात कुणीतरी कुणाचं तरी नाव घेईल, खरं-खोटं काहीही, कारण खिसे उघडायला हवेत.

ती ऑफिसात गेली. दार लोटून घेतलं नाही.

"मी आणला."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तू? का पण, बाळ?"

भिंगरीला सवयीने तोंड उघडावंसं वाटलं. पत्र, बहीण, न्हाणीघर, सगळं ओठांवर आलं. पत्राचं सांगितलं असतं तर बहिणीला आत येऊच दिलं नसतं. पण ते तिला नंतर सुचलं. त्या क्षणी तिला फक्त तो कागद आठवला, कारणाची जागा नसलेला.

"कारण नाही सांगत," ती म्हणाली.

असं उत्तर बाईंनी कधी ऐकलं नसावं, वही उघडली आणि काय लिहावं ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाल्या, "तू थकलीस. चार दिवस आराम कर घरी. मी फोन करते." आणि उठून खिसे उघडले. स्वतःचा मोबाईल खालच्या ओळीतून काढताना भिंगरीचा हात टेलरबाईंच्या टिपेवरून फिरला. एक टाका सैल नव्हता.

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. फोन आला नाही. काढून टाकलं असतं तर दुसरीकडे काम बघता आलं असतं, ठेवलं असतं तर गेली असती. ती मोबाईल न्हाणीत नेऊ लागली. घरात भांडी तीनतीनदा घासायची. नवरा एका शब्दाने बोलला नाही, ते तिला जास्त लागायचं. एकदाच म्हणाला, "बस जरा," आणि तिच्या शेजारी बसून राहिला.

मग फोन आला, टेलरबाईंचा. बहिणीच्या घरून.

बहीण आली होती. ऑफिसात बसली नाही, चहा घेतला नाही. पहिल्या खेपेला नुसती खाटेशी बसून गेली. दुसऱ्या खेपेला मुलाला घेऊन आली, ते पत्र त्याच्या हातात दिलं. मुलाने तीनदा वाचलं. मग आईला नेण्याच्या कागदावर सही केली, चिडून केली, आईशी अजून नीट बोलत नाही.

"पण ऊन आहे गं इथे," टेलरबाई म्हणाल्या. "दिवसभर चष्मा नाकावर. नाक दुखायला लागलं." मग म्हणाल्या, "भिंगरे, तो पडदा. मी त्याला दुहेरी टीप मारली. खालची ओळही मीच लावली. तिथे होते तोवर उसवायला हवा होता, पण कात्री कोण देणार हातात."

"ड्रायव्हरकाका कसे आहेत?"

"दात दोनला सुटायचे ना? आता म्हणे तीनला."

भिंगरी फोन ठेवून दारात उभी राहिली. मग चप्पल घातली.

अभ्यासवाली खोलीत होती. वाळलेल्या रोपाला पाणी घालत होती, काय उपयोग होता कोण जाणे. भिंगरीला बघून नुसतं म्हणाली, "या, मावशी."

"ते पुसलेलं परत येतं का?"

"नाही येत."

"मग परत सांगते."

"कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवावा लागेल."

"वाचा की. मागच्या वेळी मी ऐकलाच नव्हता."

अभ्यासवालीने वाचला. भिंगरी खुर्चीवर बसून सगळा ऐकत होती, मध्ये एकदा थांबवून एक ओळ पुन्हा वाचायला लावली, ती कारणाची. मग सही केली. टेबलावर फोन ठेवला गेला.

"दिवस किती वाजता सुरू होतो, मावशी?"

"थांबा, दिवस नंतर," भिंगरी म्हणाली. "आधी पडदा कुणी शिवून घेतला ते लिहून घ्या. मी घेतला."